भाषण आठ वाजता, कुकर सव्वाआठला

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं, की टीव्हीवर पंतप्रधान नाहीतर मुख्यमंत्री बोलायला बसले की तुमच्या घरात नेमकं काय होतं. वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील. आली ढीगभर, त्यातली अर्धी सासऱ्यांबद्दल आणि उरलेली नवऱ्याबद्दल. कोण नेता बरोबर आणि कोण चूक यावर भांडणारी पत्रं बाजूला ठेवलीत, त्यांना बाकीची सगळी दुनिया मोकळी आहे. घरातली तेवढी घेतली.

प्रश्न: ताई, आमच्याकडे अण्णा (माझे सासरे) आणि माझा मुलगा यांचं एरवी अगदी गूळपीठ असतं. पण ‘आज रात्री आठ वाजता देशाला संबोधन’ अशी पट्टी आली की दोघं सोफ्याची दोन टोकं धरून बसतात. अण्णा आवाज चाळीसवर नेतात, मुलगा दर वाक्याला नाकातून ‘हुं’ करतो, अण्णा म्हणतात तुला काय कळतंय, तो म्हणतो तुम्हाला सगळंच पटतं, आणि भाषण कुणीच ऐकत नाही. हे सगळं माझ्या स्वयंपाकाच्या वेळेला. २०२० ला दिवे लावायच्या दिवशी तर अण्णांनी बरोबर नऊला मेन स्विचच पाडला, फ्रिजसकट सगळं बंद, आणि अंधारात मुलगा पायरीवरून घसरला. मी काय करू?
– एक सूनबाई, कराड

उत्तर: सूनबाई, आधी मेन स्विचचं बोलू, कारण सगळी गोम तिथेच आहे. ३ एप्रिल २०२० ला सकाळी ९ वाजता पंतप्रधानांचा तो व्हिडिओ संदेश आला, की रविवारी ५ तारखेला रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले लाईट बंद करून दिवा, मेणबत्ती, टॉर्च काहीतरी लावा. झालं, सगळ्यांनी तेवढं ऐकलं आणि पणत्या शोधायला लागले. इकडे वीजवाल्यांची मात्र झोप उडाली, कारण देशभरातला लोड एकदम पडला तर विजेची फ्रिक्वेन्सी उसळी मारते आणि सगळी ग्रिड, म्हणजे देशभराचं विजेचं जाळं, आडवी व्हायची भीती. मग लगेच खुलासा आला की बाबांनो फक्त लाईट बंद करा, फ्रिज पंखे एसी चालू राहू द्या, रस्त्यावरचे दिवे तर अजिबात घालवू नका. अंदाज होता बारा-तेरा हजार मेगावॅट मागणी कमी होईल, प्रत्यक्षात ३१ हजार मेगावॅटच्या आसपास पडली! पाण्यावरची वीज झटकन कमी-जास्त करता येते म्हणून निभावलं, आणि तुम्ही तर कोयनेच्या शेजारी राहता, तुम्हाला हे मी काय सांगावं. त्या ३१ हजारात तुमच्या अण्णांचाही खारीचा वाटा होता एवढंच.

म्हणजे अण्णांनी भाषण ऐकलं, खुलासा ऐकला नाही. आणि तुमच्या मुलाने दोन्ही ऐकलं नाही, तो ‘हुं’ करत होता. माझ्या मते दोघं सारखेच.

अण्णांच्या बाजूने थोडं बोलते हां. त्यांच्या लहानपणी सरकारचा आवाज घरात यायचा तो रेडिओतून, आणि त्याला कुणी उलट बोलत नसे. माझे वडील सांगायचे, २६ जून १९७५ ला सकाळी इंदिराबाई आकाशवाणीवर बोलल्या, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केलीये, घाबरून जायचं काही कारण नाही, आणि ते ‘घाबरायचं कारण नाही’ ऐकल्यावरच आमच्या वाड्यातले लोक घाबरले, समोरच्या काकांनी उठून खिडकी लावून घेतली. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढे कित्येक वर्षं एकच चॅनेल. पटलं नाही तर फार तर टीव्ही बंद करायचा, ‘हुं’ करून ऐकणार कोण. तुमच्या मुलाच्या हातातला मोबाईल मात्र आयुष्यभर त्याला विचारत आलाय, लाइक करतोस का, कॉमेंट टाकतोस का. तो गप्प बसेल कसा.

उपाय सांगते, आमच्याकडे चाललाय. अण्णांना एक वही द्या आणि मानाने सांगा की घरात एकाने तरी लिहून घ्यायला पाहिजे, तुमचं अक्षर चांगलं आहे. तीन गोष्टी लिहायच्या: कधीपासून, कुणाला, कुठपर्यंत. लिहिणाऱ्या माणसाला भांडायला हात रिकामा राहत नाही. मुलाला काम द्या की भाषण संपल्यावर सरकारी आदेश शोधून वाचून दाखवायचा, मग दोघांनी वही आणि मोबाईल जुळवून बघायचं. भांडण होईलच, पण मुद्द्यावर होईल.

आणि स्वयंपाकाचं. आठची पट्टी दिसली की सरळ साडेसातला पानं घ्या. ही भाषणं अर्धा-पाऊण तास चालतात, आणि ऐन महत्त्वाच्या वाक्याला कुकरची शिट्टी होणार हे विधिलिखित आहे. आमच्याकडे २०१६ साली ‘आज मध्यरात्रि’ आणि तिसरी शिट्टी एकदम झाली, त्यामुळे मध्यरात्री काय होणार ते मला शेजारच्या वहिनींकडून कळलं.

प्रश्न: माझं अहिल्यानगर जिल्ह्यात किराणा दुकान आहे. २४ मार्च २०२० चं भाषण मी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर बघत होतो. २१ दिवस म्हणाले आणि मागं वळून बघतो तर शटरपर्यंत माणसं. एकानं पाच किलो साखर मागितली, त्याचं बघून दुसऱ्यानं दहा. पुढं भाषणात काय झालं मला आजपर्यंत माहिती नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीच्या भाषणाला उलटंच झालं, गिऱ्हाईक म्हणतं उद्यापासून स्वस्त ना, मग आज कशाला घेऊ, आणि साबणाला हात लावेना. भाषण बघून माल भरायचा की नाही, काय ते एकदा सांगा.
– एक दुकानदार

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्या रात्री दहा किलो साखर घेणारा तो दुसरा माणूस आमच्याकडेही आहे. (तुमच्या दुकानातला नाही, पण जात तीच.)

त्या रात्री काय झालं बघा. भाषणात सगळ्यात ठसलं काय, तर रात्री बारापासून, २१ दिवस, आणि घराच्या दारात लक्ष्मणरेषा ओढली गेलीये. जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा चालू ठेवायचा प्रयत्न आहे हेही त्यात होतं, पण तोवर लोकांनी पिशव्या काढल्या होत्या. टीव्ही किती जण बघतात ते मोजणाऱ्या बार्क संस्थेच्या आकड्यांप्रमाणे १९.७ कोटी लोकांनी ते टीव्हीवर बघितलं, आयपीएलच्या फायनलपेक्षा जास्त. म्हणजे १९.७ कोटी लोकांना एकाच क्षणी आठवलं की साखर संपत आलीये. तुम्ही एकटे काय करणार होता.

आणि कागद काय म्हणत होता? केंद्राच्या गृहखात्याचा आदेश त्याच दिवशी निघाला होता, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि त्यात रेशन, किराणा, भाजी-फळं, दूध, मांस-मासळी, औषधं ही दुकानं चालू राहतील असं स्वच्छ लिहिलं होतं. नंतर पंतप्रधानांना ट्विट करून सांगावं लागलं की गर्दी करू नका, सामान मिळत राहील. आपल्या राज्यात तर आदल्या दिवशीच, २३ मार्चला, संचारबंदी लागली होती आणि दुकानं चालू होती, म्हणजे लोकांना हे डोळ्यांनी दिसत होतं. तरी धावले. कारण आदेश डोक्याने वाचायचा असतो आणि भाषण कानातून थेट पोटात जातं.

आता तुमच्याच धंद्यातला दुसरा प्रसंग. १३ एप्रिल २०२१ ला रात्री तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बोलले, १५ दिवस कडक निर्बंध, लॉकडाऊन हा शब्द मुद्दाम टाळलेला. आदेशाचं नाव ‘ब्रेक द चेन’, १४ तारखेच्या रात्री ८ पासून १ मेच्या सकाळी ७ पर्यंत. किराणा चालू. घरोघर लोकांनी हुश्श केलं. पण तुमचं शटर सकाळी ७ ते ११ वर आणणारा आदेश निघाला २० एप्रिलला, त्याच्यासाठी कुणी आठ वाजता टीव्हीवर आलं नाही. टीव्हीवर आले ते पंतप्रधान, त्याच दिवशी रात्री पावणेनऊला, आणि राज्यांना म्हणाले लॉकडाऊन हा शेवटचा उपाय ठेवा. सगळा गाव ते बघत बसला असेल, आणि तुमच्या दुकानाच्या वेळेचा निकाल एका शांत पीडीएफमध्ये लागला होता.

जीएसटीचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. २१ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी ५ चं भाषण, दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवशी नवे दर. पण ठरलं कधी होतं, तर ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत, आणि अधिसूचनाही भाषणाच्या आधीच निघालेली. साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ वरून ५ वर आलं, साखर पाचावर होती ती पाचावरच राहिली. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने त्या संध्याकाळी साखरही उद्यावर टाकली असेल त्याने नुसतीच एक दिवस बिनसाखरेची कॉफी प्यायली.

तेव्हा दादा, भाषण जरूर बघा, कारण गिऱ्हाईक किती वाजता येणार ते त्यातून कळतं. माल भरायचा तो कागद बघून. राज्याचा असेल तर जीआर किंवा आदेश, केंद्राचा असेल तर अधिसूचना, आणि तुमच्या तालुक्याला काय लागू ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोत नाही. पुढच्या वेळी पट्टी आली की एक पाटी लिहून ठेवा, ‘उद्यापण दुकान उघडं आहे, साखर प्रत्येकी २ किलो’, आणि तराजूच्या वर टांगा. ती पाटी लिहायला लागणारी पाच मिनिटं तुमची अख्खी रात्र वाचवतील असं मी म्हणणार नाही, दोन भांडणं तरी वाचवतील.

प्रश्न: मी गेली वीस वर्षं न्यूजर्सीत आहे, आईबाबा डोंबिवलीत. ८ नोव्हेंबर २०१६ ला इथे अध्यक्षपदाची निवडणूक होती, मी सकाळी साडेनऊला मतदानाच्या रांगेत उभी आणि फोनवर मैत्रिणीचा मेसेज, की पाचशे-हजारच्या नोटा बंद. मी आईला फोन लावला तर ती निवांत सिरीयल बघत होती, तिला मीच सांगितलं! ती बराच वेळ काहीच बोलली नाही. खूप दिवसांनी कबूल केलं की तांदळाच्या डब्यात पाचशेच्या ३२ नोटा होत्या, बाबांना माहिती नसलेल्या. तेव्हापासून कुठल्याही भाषणाची पट्टी आली की ती मला फोन करते, ‘तुला काही कळलंय का गं’. इथे माझी मीटिंग चालू असते. तिची भीती कशी घालवू?
– एक मुलगी, न्यूजर्सी

उत्तर: बाई गं, तुझ्या आईचा तो तांदळाचा डबा महाराष्ट्रात किती घरांत होता ते बँकांच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकीला माहितीये. भाऊबीज होऊन आठवडाच झाला होता, १ नोव्हेंबरला होती त्या वर्षी. माझ्या दोन भावांनी घातलेल्या ओवाळणीच्या पाचशेच्या नोटा कुंकवाचं बोट लागलेल्या तशाच पाकिटात होत्या. सोळा हजार म्हणजे तुझ्या आईची कितीतरी वर्षांची भाऊबीज, भाजीतून वाचवलेले, कुणाच्या बारशाला मिळालेले. त्याला कुणी काळा पैसा म्हणू दे, आमच्याकडे त्याला डब्यातले पैसे म्हणतात.

मी पण रांगेत होते. आधारची झेरॉक्स, त्यावर सही, त्यावर नोटांचे नंबर, आणि तीन तास. माझ्यापुढे दोन बायका राहिल्या असताना आतून आवाज आला, कॅश संपली. कोणत्या बँकेची शाखा ते राहू दे. मागच्या आजी म्हणाल्या, ‘म्हणजे आपले पैसे यांच्याकडे नाहीत होय?’ आणि अख्खी रांग हसली, रडायच्या बेतात होती ती हसली.

पण आईची भीती नीट समजून घे. तिला भाषणाची भीती नाहीये, नंतर दर चार दिवसांनी नियम बदलत गेला त्याची आहे. काउंटरवर नोटा बदलून मिळायच्या ४००० च्या, मग ४५०० झाले, मग एकदम २०००, आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलून देणंच बंद, फक्त खात्यात भरा. भाषणात तर असंही होतं की ३० डिसेंबरपर्यंत कुणाला जमलं नाही तर ३१ मार्चपर्यंत रिझर्व्ह बँकेत जाऊन कारण सांगून भरता येतील. प्रत्यक्षात जो वटहुकूम आला त्यात ती सोय उरली मुख्यतः तेव्हा परदेशात असलेल्यांना, म्हणजे तुझ्यासारख्यांना, ती पण मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि नागपूर एवढ्याच ऑफिसात. डोंबिवलीत बसलेल्या आईने भाषणावर विसंबून मार्चपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर? ती ‘तुला काही कळलंय का’ विचारते ना, त्याचा अर्थ हा आहे की टीव्हीवर सांगितलं ते उद्या तसंच राहील का.

मग तिला दोन गोष्टी सांग. एक म्हणजे, पट्टी आली म्हणजे डब्यावर घाला आला असं नाही. १२ मे २०२० ला आठ वाजता २० लाख कोटींचं पॅकेज, १९ नोव्हेंबर २०२१ ला सकाळी ९ ला शेतीचे कायदे मागे, त्याच वर्षी नाताळच्या रात्री १५ ते १८ वयाच्या मुलांची लस, १२ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरबद्दल. यातल्या एकाही भाषणाने कुणाच्या तांदळात हात घातला नाही. दुसरी म्हणजे, दोन हजाराची नोट गेली तेव्हा कुणीच आठ वाजता आलं नव्हतं! १९ मे २०२३, शुक्रवार संध्याकाळ, रिझर्व्ह बँकेचं एक पत्रक, बास. आणि नोट अवैधही नव्हती, बदलायला सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत होती, ती पण पुढे आठवडाभर वाढवली. म्हणजे पट्टीकडे बघून धडधडण्यात अर्थ नाही, आणि पट्टी नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही नाही.

आता करायचं काय. आईचं एकटीच्या नावाचं खातं उघडून दे, पासबुक तिच्याकडे, निम्मे पैसे तिथे. निम्मे डब्यात राहू देत, तिला रात्री झोप लागायला ते लागतात. आणि तिला म्हण की भाषण सुरू झालं की मला फोन नको, संपल्यावर कर, आपण दोघी मिळून आदेश वाचू. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ नाहीतर साडेदहा, मीटिंगमधून पाच मिनिटं उठता येतं. बाबांना डब्याबद्दल काही बोलू नकोस. ते त्या दोघांचं आहे, किंवा खरं म्हणजे तिचं एकटीचं.

प्रश्न: मी ७४ वर्षांची आहे. हिंदी येतं मला, पण भराभर बोलले की निसटतं. कानाला मशीन आहे. ‘काय म्हणाले?’ विचारलं की नातवंडं म्हणतात थांब आजी, संपल्यावर सांगतो. आणि संपल्यावर एका वाक्यात सांगतात. अर्ध्या तासाचं एका वाक्यात कसं गं होतं?
– एक आजी, चिपळूण

उत्तर: आजी, होत नाही. तुमचा प्रश्न इतका बरोबर आहे की तो मी आमच्या संपादकांनाही पाठवला, ते पण माझ्या पत्रांचं असंच करतात.

मराठीतून ऐकायची सोय आहे, पण सगळ्या भाषणांना नाही. राष्ट्रपतींचं भाषण २५ जानेवारीला आणि १४ ऑगस्टला संध्याकाळी ७ वाजता असतं, आधी हिंदी मग इंग्रजी, आणि रात्री साडेनऊला आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांवरून आपापल्या भाषेत लागतं. ते मराठीतलं सावकाश असतं, तुम्हाला आवडेल. ‘मन की बात’ महिन्याच्या शेवटच्या रविवारी ११ वाजता हिंदीत, त्याचाही मराठी अनुवाद आकाशवाणीवर असतो. पंतप्रधानांच्या अचानक होणाऱ्या भाषणाला मात्र मराठीसाठी थांबावं लागतं, सरकारचं पत्र सूचना कार्यालय नंतर मराठीत मजकूर टाकतं आणि सकाळच्या पेपरात मुख्य भाग येतोच. तुम्ही पेपर वाचता हे तुमच्या अक्षरावरून कळतंय, तेव्हा सकाळी चहाबरोबर वाचा आणि नातवंडांना तुम्हीच सांगा, एका वाक्यात!

कानाच्या मशीनचं एक. घरात टीव्हीवर एक आणि कुणाच्या तरी मोबाईलवर एक असं एकदम चालू ठेवू देऊ नका. टीव्हीवर जे आत्ता बोलले ते मोबाईलच्या अ‍ॅपवर वीस-तीस सेकंदांनी येतं, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि मशीन बिचारं दोन्ही कानात ओततं. भाषण तेच, पण ऐकताना वाटतं दोन पंतप्रधान भांडतायत. पंखा बारीक करा, टीव्हीच्या समोर नातवाची जागा आहे ती तुम्ही घ्या. वयाचा एवढा तरी उपयोग करून घ्यायचा.

प्रश्न: मी पुण्यात तिघांबरोबर फ्लॅट शेअर करतो. भाषण लाइव्ह बघायची खरंच गरज आहे का? पाच मिनिटांत क्लिप येते, दहा मिनिटांत मीम.
– एक विद्यार्थी

उत्तर: गरज नाही रे. पण क्लिप कापणाऱ्याने कुठे कापली ते तुला कळत नाही, म्हणून नंतर का होईना सलग बघ, दीडपट स्पीडने बघ.

लाइव्हची मजा वेगळी आहे आणि ती भाषणात नाही. २७ मार्च २०१९ ला ट्विट आलं की पावणेबारा ते बारा दरम्यान महत्त्वाचा संदेश देणार. बारा वाजून गेले तरी काही नाही. तेवढ्या वेळात आमच्या फॅमिली ग्रुपवर युद्ध झालं, नोटा पुन्हा बंद झाल्या, एका आत्याने पेट्रोल भरून आणलं. शेवटी कळलं की आपण ३०० किलोमीटर उंचीवरचा एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडलाय, आपलाच. आत्या म्हणाली, मग पेट्रोलचं काय? क्लिप बघणाऱ्याला हे कुठून मिळणार. तसंच २९ जून २०२२ ची रात्र, उद्धव ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवर राजीनामा जाहीर केला तेव्हा आमच्या सोसायटीत जिन्यात माणसं उभी होती, वर ज्यांच्याकडे वायफाय चांगलं त्यांच्या दाराशी, आणि दोन कट्टर विरोधक एकाच मोबाईलवर वाकून बघत होते. संपल्यावर दोघंही काही न बोलता आपापल्या घरी गेले. मीम दुसऱ्या दिवशी आले.

प्रश्न: मी नववीत आहे. टीव्हीवर भाषणाच्या शेवटी राष्ट्रगीत लागलं की आजोबा सगळ्यांना उभं करतात, जेवत असलो तरी. हा नियम आहे का?
– नाशिक

उत्तर: गृहखात्याच्या आदेशात राष्ट्रगीत वाजलं की उपस्थितांनी उभं राहावं असं आहे, आणि बातमीपटात किंवा माहितीपटात ते आलं तर उभं राहणं अपेक्षित नाही असंही आहे. राष्ट्रपतींच्या आकाशवाणीवरच्या भाषणाआधी आणि नंतर ते वाजवायचं हेही त्यातच लिहिलंय. ताटावर बसलेल्या नववीतल्या मुलाचं काय, याचं वेगळं कलम नाही. म्हणजे हा घरचा नियम आहे, आणि घरचे नियम आजोबा करतात. ५२ सेकंदांचा प्रश्न आहे, उभा राहा. फक्त उठताना आजोबांच्या हातातली ताकाची वाटी आधी धर, मागच्या वेळी ती कुणाच्या अंगावर सांडली ते तू पत्रात लिहिलं नाहीस, पण कागदावर डाग आहे.